एका दिवसाच्या जेवणातील प्रथिने घरी कशी मोजावीत

वरणाची वाटी काट्यावर ठेवली, आतले वरण १५० ग्रॅम भरले, तक्त्यात तूरडाळीसमोर १०० ग्रॅममागे २१.७ ग्रॅम प्रथिने असा आकडा पाहिला आणि वहीत ३२ ग्रॅम लिहून टाकले, की हिशेब तिथेच सहापट चुकतो. त्या वाटीत डाळ असते सुमारे २५ ग्रॅम, बाकीचे पाणी असते आणि प्रथिने जेमतेम साडेपाच ग्रॅम भरतात. ही चूक अडाणीपणातून होत नाही. तक्ता कच्च्या डाळीचा आणि वाटी शिजलेल्या वरणाची, हा फरक कोणी सांगितलेलाच नसतो. म्हणून या लेखात कोणत्या वस्तूचे वजन कोणत्या क्षणी करायचे, याच क्रमावर सर्वाधिक भर दिला आहे. येथे वापरलेले अन्नघटकांचे बहुतेक आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार असून ते सोयीसाठी किंचित पूर्णांकित केले आहेत.

आधी काही शब्द पक्के करावेत

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. आपल्या शरीरातील प्रथिने २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांपैकी ९ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात; त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. ‘आवश्यक’ या शब्दाचा अर्थ इथे ‘अन्नातून घेणे आवश्यक’ एवढाच आहे. उरलेली अकरा शरीराला नको असतात, असा त्याचा अर्थ लावू नये.

दुसरा शब्द मर्यादक अमिनो आम्ल. दाराचे तोरण एक झेंडूचे फूल आणि एक आंब्याचे पान असे ओवत असताना पाने संपली, तर टोपलीत कितीही फुले उरली तरी तोरण पुढे सरकत नाही. गहू, तांदूळ, ज्वारी या धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल असे आधी संपते. डाळींत लायसिन भरपूर असते, पण मिथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी पडतात, आणि ती धान्यांत पुरेशी असतात. वरणभात आणि पिठलंभाकरी या जोड्यांचे बळ याच अदलाबदलीत आहे.

तिसरा शब्द पचनीयता: खाल्लेल्या प्रथिनांपैकी प्रत्यक्ष पचून रक्तात उतरणारा भाग. दूध आणि अंडे यांचे जवळजवळ सगळे प्रथिन पचते, तर डाळी आणि भरड धान्यांचे त्याहून कमी.

उरलेल्या अमिनो आम्लांसाठी चरबीसारखे कोठार शरीरात नसते. त्यांचा नायट्रोजनचा भाग यकृत युरियात बदलते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. बाकीचा भाग ऊर्जेसाठी वापरला जातो किंवा साखर व चरबीत रूपांतरित होतो. आठवडाभर कमी खाऊन रविवारी मटणावर भरपाई करण्याचा बेत त्यामुळे जमत नाही.

टप्पा १: गरजेचा आकडा ठरवावा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. त्या हिशेबाने ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम लागतात. हा आकडा चांगल्या प्रतीच्या प्रथिनांसाठी आहे. ज्यांच्या ताटात मुख्यतः भाकरी, पोळी आणि भातच असतो, त्यांनी किलोमागे १ ग्रॅम धरून चालावे असे मला वाटते.

गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ९.५ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे २२ ग्रॅम अधिक लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १७ ग्रॅम आणि पुढील सहा महिन्यांत सुमारे १३ ग्रॅम जास्त हवेत.

वजन फार वाढलेले असेल तर काट्यावरचे वजन न धरता उंचीला शोभणारे वजन घ्यावे. उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा आणि त्याला २२ ने गुणावे. १५८ सेंटिमीटर उंचीसाठी १.५८ गुणिले १.५८ म्हणजे सुमारे २.५, आणि त्याला २२ ने गुणल्यावर ५५ किलो येतात.

सावधान: मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तातील क्रिएटिनिन वाढलेल्यांनी हा आकडा लेख वाचून ठरवू नये. त्यांच्यासाठी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतात. लहान मुलांचा हिशेबही वेगळा असतो.

टप्पा २: आदल्या रात्रीची तयारी

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील डिजिटल काटा, एक वही आणि पेन्सिल एवढे पुरते. मात्र आदल्या रात्री एक काम करून ठेवावे: रोजच्या वापरातील कुकरचे भांडे, पातेले, कढई आणि वाट्या रिकाम्या व कोरड्या असताना तोलून त्यांचे वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. भरलेले पातेले गॅसवरून उतरवल्यावर ‘रिकामे किती होते’ हे कोणालाच आठवत नाही आणि सगळा दिवस तिथेच फुकट जातो.

तपासा: ५०० ग्रॅमचे न उघडलेले मिठाचे पाकीट काट्यावर ठेवून पाहावे. प्लास्टिकसह ५०० पेक्षा थोडेसे अधिक यायला हवे. काटा ४७० किंवा ५५० दाखवत असेल तर आधी त्याचे सेल बदलावेत.

टप्पा ३: वजन नेहमी कोरड्या, कच्च्या वस्तूचे करावे

साऱ्या प्रक्रियेत याच टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात, म्हणून प्रत्येक वस्तूचा क्षण स्वतंत्रपणे सांगतो.

तांदूळ धुण्यापूर्वी तोलावेत. धुतलेल्या तांदळाला पाणी चिकटलेले असते आणि भिजवलेला तांदूळ तर पाणी पिऊन बसलेला असतो.

डाळ कुकरमध्ये टाकण्यापूर्वी, कोरडी असताना तोलावी.

मटकी, मूग, चवळी भिजत घालण्यापूर्वी तोलावेत. मोड आलेल्या मटकीचे वजन कोरड्या मटकीच्या जवळपास दुप्पट होते, पण वाढलेले सगळे वजन पाण्याचे असते. मोड आणल्यावर प्रथिने वाढतात, असे सर्रास सांगितले जाते. मोड येताना दाणा आपल्या साठ्यातील थोडे पिष्ट स्वतःसाठी वापरतो, त्यामुळे सुक्या भागातील प्रथिनांचा टक्का किंचित वर जातो. मूठभर मटकीत मुळात असलेली प्रथिने मात्र तेवढीच राहतात. मोडांमुळे पचन सुलभ होते आणि क जीवनसत्त्व तयार होते, हा लाभ खराच आहे, फक्त तो प्रथिनांच्या रकान्यात लिहू नये.

पिठासाठी सोपी युक्ती आहे. कणीक मळण्यापूर्वी पिठाचा डबा झाकणासह तोलावा, पोळ्या आटोपल्यावर, लाटताना लावलेली पिठीही डब्यातूनच घेतलेली असल्याने, तोच डबा पुन्हा तोलावा आणि वजाबाकी करावी. आमच्याकडे बारा पोळ्यांना ३६० ग्रॅम पीठ लागले, म्हणजे पोळीला ३० ग्रॅम. ज्वारीच्या भाकरीला मात्र ६० ग्रॅम लागले. ‘एक पोळी म्हणजे एक भाकरी’ असे समजून लिहिणाऱ्यांचा हिशेब म्हणूनच कोसळतो.

दूध निरशेच मोजावे. चहात ओतलेले दूध मापट्याने मोजून मगच घालावे; ‘दोन कप चहा’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण कुणाच्या कपात २० मिलिलिटर दूध असते तर कुणाच्या कपात ८०. ताकाच्या बाबतीत ग्लास न मोजता त्यासाठी घेतलेले दही तोलावे. दुधावरची साय काढली म्हणून प्रथिनांत फारशी घट होत नाही, कारण सायीबरोबर मुख्यतः स्निग्ध पदार्थ जातात.

अंडे, मासे आणि मटण यांचा केवळ खाण्याजोगा भाग धरावा. कवच, काटे आणि हाडे वगळावीत. सोललेले ५० ग्रॅमचे अंडे साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने देते आणि त्यांतील निम्म्याच्या जवळपास भाग बलकातला असतो, तेव्हा प्रथिनांसाठी बलक फेकून देणे हे आपलेच नुकसान आहे. ओला बोंबील आणि सुका बोंबील यांना एकच आकडा कधीही लावू नये; ओल्या बोंबलात पाण्याचा अंश इतका मोठा असतो की दोन्हींची तुलनाच होत नाही.

तपासा: दुपारी बारापर्यंत वहीत तांदूळ, डाळ, पीठ आणि दूध यांचे चार कच्चे आकडे असायला हवेत. एखादा राहिला असेल तर अंदाज न लिहिता तो दिवस सोडून द्यावा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करावी.

टप्पा ४: शिजलेल्या अन्नातील आपला वाटा काढावा

घरात चौघांसाठी एकत्र शिजते आणि मोजायचे असते एकाचे, त्यामुळे शिजल्यानंतर दुसरे वजन लागतेच. वरण तयार झाले, फोडणी पडली, पाणी घालून हवे तसे सरसरीत केले, की मग पातेले तोलावे आणि रिकाम्या पातेल्याचे वजन वजा करावे. त्यानंतर आपल्या वाटीत आलेले वरण तोलावे.

प्रत्यक्षात पाहा. कोरडी तूरडाळ १५० ग्रॅम घेतली. तयार वरण ९०० ग्रॅम झाले. वाटीत आले १५० ग्रॅम, म्हणजे एकूण वरणाचा सहावा भाग. डाळीचाही सहावा भाग, म्हणजे २५ ग्रॅम, आपल्या वाट्याला आला. हेच वरण दाट असते आणि ६०० ग्रॅमच भरले असते, तर तेवढ्याच वाटीत ३७.५ ग्रॅम डाळ आली असती. हिशेब वाटीवर न बेतता डाळीवर बेतायचा, तो याचसाठी.

सावधान: पातेले तोलल्यानंतर वरणात पाणी वाढवू नये. उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी वाढवावेच लागले, तर पुन्हा तोलावे.

टप्पा ५: कच्च्या वजनाला तक्त्याचा आकडा लावावा

१०० ग्रॅम कच्च्या वस्तूत सुमारे इतकी प्रथिने धरावीत: तांदूळ ७.९, पोहे ७.४, गव्हाचे पीठ १०.६, ज्वारी १०, बाजरी ११, नाचणी ७.२, तूरडाळ २१.७, हरभराडाळ २१.५, मूगडाळ २३.९, मटकी १९.८, शेंगदाणे २३.७, गाईचे दूध ३.३, म्हशीचे दूध ३.७, दही ३.१, पनीर १८.९. बेसनाला हरभराडाळीचाच आकडा लावावा.

येथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, वस्तूचे वजन म्हणजेच प्रथिने असे धरणे: ‘डॉक्टरांनी ५० ग्रॅम प्रोटीन सांगितले, म्हणून मी ५० ग्रॅम पनीर खातो.’ त्या पनीरमधून मिळतात साडेनऊ ग्रॅम. दुसरी चूक शेंगदाण्यांची. त्यांचा आकडा डाळीच्या तोडीचा दिसतो, पण १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४० ग्रॅम तेलही असते. प्रथिनांच्या ग्रॅममागे ४ आणि स्निग्धांच्या ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, असा हिशेब केला तर तेलाच्या ३६० किलोकॅलरी आणि प्रथिनांच्या पंचाण्णवच्या आसपास. चटणीत आणि कोशिंबिरीत दाण्याचा कूट जरूर असावा, मात्र डाळीची जागा त्याला देऊ नये.

पाकिटावरचा आकडा वाचताना तो १०० ग्रॅमचा आहे की एका चमच्याच्या मात्रेचा, हे आधी पाहावे. प्रयोगशाळेत प्रथिने बहुधा थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन दुसऱ्याच पदार्थातून आला तरी आकडा फुगतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळले गेले ते हीच पळवाट वापरून, आणि त्यात लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. प्रथिनांची सुटी, बिनपाकिटाची पावडर केवळ विक्रेत्याच्या शब्दावर घेऊ नये, असे मी आवर्जून सांगतो ते या कारणाने.

टप्पा ६: दिवसाची बेरीज

पंचावन्न किलो वजनाच्या एका गृहिणीचा, आमच्या घरातला, साधा दिवस असा भरला:

चहातील एकूण दूध १०० मिलिलिटर: ३.३
पोहे ५० ग्रॅम: ३.७
पोह्यांतील दाणे १० ग्रॅम: २.४
दुपारच्या दोन भाकरी, पीठ १२० ग्रॅम: १२.०
वरण, डाळ २५ ग्रॅम: ५.४
भात, तांदूळ ४० ग्रॅम: ३.२
रात्रीच्या तीन पोळ्या, पीठ ९० ग्रॅम: ९.५
मटकीची उसळ, मटकी २५ ग्रॅम: ४.९
ताक, दही १०० ग्रॅम: ३.१
दोन्ही वेळच्या भाज्या, अंदाजे: २.०

एकूण ४९.५ ग्रॅम. गरज ४६ ग्रॅमची, म्हणजे काम झाले, असे म्हणून वही मिटावीशी वाटते. ती अजून मिटू नये.

टप्पा ७: प्रथिने आली कुठून, ते पाहावे

वरच्या यादीतील पोहे, भाकरी, भात आणि पोळ्या यांची बेरीज २८.४ येते. निम्म्याहून अधिक प्रथिने धान्यांतून आली आणि धान्यांत लायसिन तोकडे. ज्वारीत ते गव्हापेक्षाही कमी असते, शिवाय ज्वारीतील काफिरिन हे प्रथिन पाण्यात शिजल्यावर पचायला अधिक कठीण होते. कागदावरचे १२ ग्रॅम शरीराला १२ ग्रॅम म्हणून मिळत नाहीत. त्यामुळे इथे गरजेचा आकडा किलोमागे १ ग्रॅम, म्हणजे ५५ ग्रॅम धरायला हवा, आणि मग साडेपाच ग्रॅमची तूट उघडी पडते.

जुळणी तपासण्यासाठी धान्य, डाळ-कडधान्य आणि दूध यांचे ३ : १ : २.५ हे प्रमाण उपयोगी पडते. ते कच्च्या वजनाचे आहे. आमच्या उदाहरणात धान्य ३०० ग्रॅम झाले. त्याला १०० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि २५० ग्रॅम दूध-दही शोभले असते. प्रत्यक्षात डाळ आणि मटकी मिळून ५० ग्रॅम, म्हणजे बरोबर निम्मी, आणि दूध-दही २०० ग्रॅम. (शेंगदाणे शेंगवर्गीय असले तरी तेलबियांत मोडतात, म्हणून ते इथे धरलेले नाहीत.) मी आजवर ज्या ज्या घरच्या वह्या पाहिल्या, त्यांत उणीव बहुधा याच रकान्यात निघाली: डाळ रोज असते, पण पातळ असते.

टप्पा ८: दुरुस्ती

दुरुस्ती करताना भर घालण्याआधी अदलाबदल करावी. दुपारची एक भाकरी कमी केली तर ६ ग्रॅम वजा होतात. त्याच ताटात ४० ग्रॅम बेसनाचे पिठले आले तर ८.६ मिळतात, रात्री १०० मिलिलिटर दूध वाढवले तर ३.३. बेरीज ५५.४ होते, धान्य २४० ग्रॅमवर येते, डाळ-कडधान्य ९० ग्रॅमवर जाते आणि पोटही जड होत नाही. मांसाहार करणाऱ्यांना हे आणखी सोपे आहे, दोन अंड्यांत १३ ग्रॅम येतात.

शिजवण्याविषयी इथेच सांगायला हवे. उष्णतेने प्रथिनांची गुंडाळी सुटते, तिला विकृतीकरण म्हणतात. या शब्दाला घाबरून ‘शिजवल्याने प्रथिने नष्ट होतात’ असा समज पसरला आहे, पण अमिनो आम्लांची साखळी शाबूतच असते आणि सुटलेल्या गुंडाळीवर जठरातील पेप्सिन या पाचक विकराला काम करणे सोपे जाते. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक असतात, ते भिजवल्याने आणि नीट शिजवल्याने बरेच कमी होतात. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यातील अ‍ॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवते, म्हणून अंडेही शिजवूनच खावे. उलट फार करपवू नये. पदार्थ गडद तपकिरी होतो तेव्हा लायसिन साखरेशी जखडले जाते, आणि कमी पडणारे नेमके तेच आणखी घटते.

टप्पा ९: तीन दिवस मोजावे, त्यांत एक उपवासाचा असावा

एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. दोन साधे दिवस आणि एक उपवासाचा, असे तीन मोजावेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नसते. खिचडीतील प्रथिने म्हणजे तिच्यातला दाण्याचा कूट, ३० ग्रॅम कूट घातला तर ७ ग्रॅम. आठवड्यात दोन उपवास करणाऱ्या वयस्कर स्त्रियांच्या वहीत हे दिवस निम्म्यावर येतात. तेव्हा राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, दूध आणि दही यांना ताटात स्थान द्यावे. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे १३ ते १४ ग्रॅम प्रथिने असतात आणि लायसिनही चांगले असते.

तपासणी अहवालाशी गल्लत करू नये

रक्ताच्या अहवालातील ‘टोटल प्रोटीन’ आणि ‘अल्ब्युमिन’ हे आकडे कालच्या जेवणाचा हिशेब सांगत नाहीत. अल्ब्युमिन यकृतात तयार होते आणि यकृताच्या विकारात, दीर्घ दाहात किंवा मूत्रपिंडातून गळती होत असताना ते घटते. ते नॉर्मल आले म्हणून आहार पुरेसा ठरत नाही. लघवीत प्रथिने आढळणे हेही जास्त खाल्ल्याचे लक्षण नव्हे. ती मूत्रपिंडाच्या गाळणीविषयीची सूचना असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे. वही सोबत न्यावी, मात्र तिच्यात बेरजांबरोबर कच्च्या वजनांचे रकानेही असावेत, म्हणजे आहारतज्ज्ञांना हिशेब पडताळता येतो.